पहिला वर, बाकी सगळे खाली

गिअरचं काय ते सासऱ्यांना विचारायचं नाही, असं निवारणरावांनी अर्धा चहा कपात तसाच ठेवून ठरवलं. पुढे जे काही झालं ते त्या अर्ध्या कपापायी झालं.

निवारणराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कपडे धुण्याची मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीत ते तक्रार निवारण विभागात होते. ऑफिसात कोणीतरी हे नाव चिकटवलं, ते घरापर्यंत आलं आणि बायकोच्या तोंडी बसलं. दिवसभर कानाला फोन लावून ते लोकांना समजावत, "मॅडम, मशीन उत्तम आहे. तुम्ही बटण चुकीचं दाबताय." आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच तसं असायचं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राचं दुखणं आपल्याला नुसतं ऐकून कळतं असा त्यांचा ठाम समज होता. (त्यांच्या स्वतःच्या घरातलं मशीन सुरू केलं की भिंतीपासून निघून न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत यायचं. ते वेगळं.)

मोटरसायकल सासऱ्यांची. त्यांच्या तरुणपणी घेतलेली, काळी, टाकीवर सोनेरी रेघ, आणि सुरू झाली की आख्ख्या गल्लीला कळवणारी. सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा ती कुणाला द्यायची हा प्रश्न निघाला. जावई दोन. थोरला, म्हणजे निवारणरावांचा साडू, बंगला बांधून बसलेला आणि सासऱ्यांच्या शब्दांत 'हाताला वळण असलेला'. धाकटे आपले निवारणराव. पण धाकट्या मुलीने हट्ट धरला. ती लहानपणी बापाच्या मागे बसून, त्याच्या पाठीला कान लावून सगळीकडे हिंडली होती. शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला: गाडी धाकट्यांकडे जाईल. महिन्याभराने मी येऊन बघेन. चारही गिअरांत नीट चालली तर तिथेच राहील, नाही तर थोरल्यांकडे.

सासऱ्यांची हयात तार ऑफिसात गेलेली. शब्दाला पैसे पडतात ही जाणीव हाडात मुरलेली. गाडी टेंपोतून उतरली त्याच संध्याकाळी निवारणरावांच्या मोबाइलवर त्यांचा मेसेज आला:

'गाडी पाठवली. पहिला वर. बाकी सगळे खाली. कायम लक्षात ठेवणे.'

निवारणरावांनी तो वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून वाचला. पहिला वर म्हणजे काय ते न कळायला ते दूधखुळे नव्हते. त्या घरच्या वधू दोन, वर दोन. पहिला वर म्हणजे साडू. आणि बाकी सगळे खाली! (बाकी उरतो कोण? एकटे निवारणराव. एकाच माणसाला 'सगळे' म्हणून खाली बसवायचं ही खास तारमास्तरांची काटकसर.) त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं 'बाबा, बाबा' करत ज्यांच्या पुढेपुढे केलं, त्या माणसाने हे लिहावं? बरं, लिहावं तर लिहावं, कायम लक्षात ठेवा म्हणून बजावावं? मेसेज त्यांनी बायकोला दाखवला नाही. बाप आहे तिचा, उगाच तिच्या जिवाला लागेल. पण या बाबतीत सासऱ्यांना अवाक्षर विचारायचं नाही आणि गाडी अशी चालवून दाखवायची की खाली कोण आणि वर कोण ते त्यांनाच कळावं, असं त्यांनी ठरवलं. तोच तो चहाचा कप.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीवर बसले. कॉलेजात असताना त्यांनी मित्राची मोटरसायकल चालवली होती. पहिला गिअर पायाने खाली दाबायचा, मग एकेक वर उचलत जायचं, हे पायाला पाठ होतं. त्यांनी खाली दाबलं. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, भरपूर रेस दिली, तेव्हा कुठे कुरकुरत निघाली. मग त्यांनी वर उचललं, तर गाडी पळायच्या ऐवजी जागच्या जागी किंचाळली. आणखी वर उचललं, काही नाही. तिसरा आणि चौथा गिअर जसे काही गावाला गेले होते.

"पहिला जड, दुसरा किंचाळतो, पुढचे लागतच नाहीत," निवारणरावांनी घरात येऊन जाहीर केलं. "केस सरळ आहे. क्लच."

केस क्लचची नव्हती. त्यांनी क्लचची केबल आवळली, सैल केली, नवी घातली. मग ऑइल बदललं. मग आधीचंच ऑइल बरं होतं असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी एका रविवारी त्यांनी व्हिडिओ लावून, बाह्या सरसावून गिअरबॉक्स उघडला आणि त्यातून निघालेलं एकेक चाक हॉलमधल्या सतरंजीवर मांडलं.

बायको दातांची डॉक्टर होती. दवाखान्यातून आली ती उंबऱ्यातच थबकली.

"अहो, हे काय?"

"गिअर. दात तपासतोय. एखादा झिजला असणार."

तिने पर्समधून आपला छोटा आरसा काढला, खाली बसली आणि चाकं एकेक करून बघितली. "दात उत्तम आहेत. झीज नाही, फट नाही. माझ्या पेशंटांनी शिकावं असे. तक्रार दुसरीकडे आहे."

"तक्रार हा माझा विषय आहे."

"एक दुखतंय म्हणून कोणी अख्खा जबडा उतरवून सतरंजीवर ठेवत नाही. बाबांना एक फोन करा की!"

"फोनचं नाव काढू नकोस."

"का?"

"उगाच. त्यांना कशाला त्रास?"

"त्यांना त्रास? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा पोचवल्या त्यांनी. एक फोन घेतील."

तार हा शब्द ऐकताच निवारणरावांचं तोंड असं काही झालं, की तिने विषय सोडला.

चाकं धुवायला हवी होती. रॉकेलने हात सोलवटतात. आणि निवारणरावांच्या घरी मशीन होतं! त्यांनी चाकं बायकोच्या जुन्या ओढणीत बांधली, 'नाजूक कपडे' या बटणावर मशीन लावलं आणि अभिमानाने उभे राहिले. (आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः बटण दाबलं होतं.) मशीन न्हाणीघराच्या दारापर्यंत आलं, दारातून बाहेर आलं, आणि पाइप ताणला गेला तेव्हाच थांबलं. चाकं लखलखीत निघाली. पण आत आधीपासून बायकोचा दवाखान्यातला पांढरा कोट होता.

"हा कोट," ती करड्या डागांनी भरलेलं ते कापड चिमटीत धरून म्हणाली, "घालून मी उद्या कुणाच्या तोंडात हात घालू?"

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं.

निवारणराव मात्र डगमगले नाहीत. व्हिडिओ मागेपुढे करत त्यांनी गिअरबॉक्स पुन्हा भरला. काहीही उरलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. राहिलं होतं ते बाहेरचं काम. पायाच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जात होती, आणि सळईच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसणारी बोटभर लांबीची एक पट्टी होती. ती काढताना खाली तोंड करून होती की वर, ते काही त्यांना आठवेना. वर तोंड करून छान दिसत होती. त्यांनी ती तशीच बसवली.

आणि गाडी चालली! खाली दाबलं, पहिला पडला. वर उचललं, दुसरा. मग तिसरा. मग चौथा, लोण्यात सुरी जावी तसा. मोठ्या रस्त्याला वळसा घालून ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. वाऱ्याने, असं ते म्हणाले.

"बस मागे," ते बायकोला म्हणाले. ती बसली. कोपऱ्यावर वळताना तिने त्यांच्या पाठीला कान लावला आणि कोटाचा विषय मिटला. त्या क्षणी ही गाडी आपल्या दारातून कुठेही जाऊ द्यायची नाही असं निवारणरावांना आतून वाटलं. मेसेजचं दुःखसुद्धा थोडं कमी झालं.

ठरल्या दिवशी सासरे आले. बरोबर साडू, मेहुणी आणि त्यांची लहानगी. सासऱ्यांनी टाकीवर हात फिरवला, इंजिनाला कान दिला आणि म्हणाले, "आवाज ठीक." एवढी स्तुती त्यांनी जन्मात कुणाची केली नव्हती.

"आता बघाच बाबा," निवारणराव म्हणाले. "स्वतः बसून बघा. गिअर असे पडतात म्हणून सांगू!"

सासरे गुडघा विसरून बसले. त्यांनी सवयीने लिव्हर वर उचलली. गाडीने आचका दिला, बंद. पुन्हा सुरू केली, वर उचलली, आचका, बंद. तिसऱ्यांदा त्यांनी सणसणीत रेस दिली. गाडी सुटली. वेग घेतल्यावर त्यांनी लिव्हर खाली दाबली, तशी ती जोरात किंचाळली, मागचं चाक तिरकं झालं आणि सासरे शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींमधून आरपार गेले. मेंदीच्या कुंपणाने त्यांना अलगद झेललं. सगळे धावले. चादर बाजूला केल्यावर आतून शाबूत सासरे निघाले, पण फार चिडलेले.

"गिअर उलटे झालेत! काय केलंत गाडीला?"

"अहो बाबा, असं कसं? पहिला खाली, बाकी वर..."

"पहिला वर! बाकी सगळे खाली! जुन्या गाड्यांना तसंच असतं. मेसेज नव्हता का केला तुम्हाला?"

"तो... तो मेसेज गिअरचा होता?"

"मग कशाचा?"

"मला वाटलं," निवारणरावांनी साडूकडे बोट दाखवलं, "यांचा. पहिला वर म्हणजे... पहिले जावई."

बायकोने तोंडाला पदर लावला. साडू मात्र मनापासून सुखावला. "तसं चुकीचं काही नाही," तो म्हणाला.

"म्हणजे गाडीत बिघाड नव्हताच!" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही महिनाभर बटणच चुकीचं दाबत होतात!"

"बाबा, पट्टी उलटी बसलीये एवढंच," निवारणराव घाईघाईने म्हणाले. "म्हणून गिअर उलटे झाले. पाच मिनिटांत सरळ करतो, मग आधीसारखी..."

"हात लावू नका," सासरे म्हणाले.

तेवढ्यात साडू गाडीवर जाऊन बसलासुद्धा. त्याने जन्मात जुनी गाडी चालवली नव्हती. त्याच्या पायालाही तेच पाठ होतं, पहिला खाली आणि बाकीचे वर. त्याने दाबलं, गाडी मऊ निघाली. उचललं, दुसरा. तिसरा. कोपऱ्यावर चौथ्यात गेला, तिथून हात हलवला आणि वळसा घालून, चादरींना अजिबात न शिवता दारात येऊन उभा राहिला.

"काय सुरेख गिअर आहेत हो!" तो म्हणाला.

"बघा," सासरे हळवे होऊन म्हणाले, "मलासुद्धा ऐकेना, आणि ह्यांच्या पायाखाली कशी शहाण्यासारखी चालली. गाडीला माणूस कळतो."

"बाबा, ती मी तशी केलीये म्हणून..."

"तुम्ही केलंत ते मी कुंपणात बसून पाहिलं."

गाडी थोरल्यांकडे गेली. बायको रस्त्याच्या टोकापर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मग निवारणरावांचा काळा झालेला हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही इतकी छान चालती केलीत, म्हणूनच गेली ती." निवारणरावांना यातून काय घ्यायचं ते कळलं नाही, पण हात त्यांनी काढून घेतला नाही.

काही दिवसांनी साडूचा फोन आला. आवाजात साखर होती. "साडूभाऊ, तुम्ही ते गिअर असे काही जमवलेत की दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागू द्यावासा वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी एक चक्कर टाकाल?"

निवारणरावांची छाती फुगली. बाबांना नसेल, पण कुणाला तरी आपली किंमत कळली! पाने-पकडींनी पिशवी भरून, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून ते बसने साडूच्या बंगल्यावर पोचले. साडूच्या लहानगीने दार उघडलं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आत वळून ओरडली, "आई, गिअरवाला आला! मागच्या दाराने पाठवू का?"