शिकदार सरांच्या न थांबणाऱ्या पेशी

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना अनादि शिकदार सर अमर झाले. म्हणजे निदान त्यांच्या उजव्या दंडाच्या कातडीतून काढलेल्या पेशी तरी. निरोगी पेशी पन्नासेक वेळा विभागून दमते, शेजारणीचा धक्का लागला की मुकाट थांबते. सरांच्या थांबेचनात. सरांनी अख्ख्या प्रयोगशाळेत नोलेन गुडाची, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची, संदेश मिठाई वाटली आणि मुदतवाढीचा अर्ज लिहायला घेतला.

त्यांची संशोधक विद्यार्थिनी तनिमा, तिच्या प्रबंधावर मात्र अजून सही नव्हती. सर तसेच गेले, तर नवा मार्गदर्शक आणि आणखी दोन वर्षं.

"आधी माझी गुणसूत्रं मोज," सर म्हणाले. "सही कुठं पळून जात नाही."

तिने मोजली. माणसाची सेहेचाळीस असतात, इथे एकाहत्तर. पुन्हा मोजली, तरी एकाहत्तरच. शिवाय पुरुषाचं वाय गुणसूत्र औषधालाही नव्हतं.

"बिमानदा, सरांच्या पेशींना खायला कधी घालता?" तिने तंत्रज्ञाला विचारलं.

"चारच्या चहानंतर. सरांना समोर बसून बघायचं असतं ना."

"आणि प्रयोगांसाठी वाढवतो त्या, एका बाईंच्या कर्करोगाच्या पेशींना?"

"सकाळी. त्याच बाटलीतून."

कर्करोगाच्या पेशींना सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या बाटलीतून, असा नियम भिंतीवर लावलेला होता. खाली सही शिकदार सरांचीच. एखादा थेंब त्या पेशी घेऊन बाटलीत परतला असणार. बाईंच्या न थांबणाऱ्या पेशींनी सरांच्या पेशी वाढवायच्या काचेच्या बशीत बिऱ्हाड थाटलं होतं, आणि सरांच्या स्वतःच्या पेशी केव्हाच संपल्या होत्या.

तनिमाने जीव मुठीत धरून सांगितलं.

"सही मागायला आलीस आणि मला बाई ठरवून चाललीस?"

"तुम्हाला नाही सर. बशीला."

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तीनदा मोजलं. "कुठं थांबायचं हे सांगणारं जनुक बिघडलं, की असं होतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी प्रबंध ओढून सही केली आणि मुदतवाढीचा अर्ज फाडला. तनिमाला त्यांची फार दया आली.

निरोपाच्या दिवशी सर 'वेळीच थांबणं' या विषयावर एक तास चाळीस मिनिटं बोलले.

सोमवारी पावणेदहाला ते प्रयोगशाळेत हजर. डाव्या बाहीची गुंडी सोडत म्हणाले, "बिमान, आता या दंडातलं घे. बाटली वेगळी, बरं का."