साळवे आप्पा इंजिन खोलतात

शिक्षक मी होतो, पण खडू साळवे आप्पांच्या खिशात असे.

दौंडच्या रेल्वे यार्डात त्यांनी बत्तीस वर्षं डबे तपासले. रेल्वेत नादुरुस्त डब्याला ‘सिक’ म्हणतात. तपासणारा माणूस डब्यावर खडूनं तसं लिहितो, आणि दुरुस्त होऊन ‘फिट’ ठरेपर्यंत तो डबा जागचा हलत नाही. आप्पा निवृत्त झाले, खडू झाला नाही. आमच्या गल्लीतल्या नळावर ‘सिक’ होतं. माझ्या सायकलवर ‘फिट, फक्त बाजारापर्यंत’ असं होतं. माझ्या मेहुण्याशी पाच मिनिटं बोलून त्यांनी खिशाकडे हात नेला, तेव्हा मीच घाईनं चहा मागवला.

एका निवडणुकीत प्रचाराची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. उमेदवार उभा राहून तालुक्याचं भवितव्य सांगत होता आणि आप्पा वाकून जीपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बघत होते. एका पाट्याचं पान तुटलेलं होतं. जीप गेली ती पाठीवर ठळक ‘सिक’ घेऊन, आणि तीन दिवस तशीच गावोगाव हिंडली. उमेदवार पडला. आप्पा म्हणाले, “मी पाट्याबद्दल लिव्हलं हुतं.”

निवृत्त झाल्यावर आप्पांनी आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं आणि एक जुनी मोटार घेतली. मोटारीचं काम एकच. दर गुरुवारी त्यांच्या पत्नीला, म्हणजे इंदूमावशींना, न्हावऱ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं न्यायचं. मावशींचे गुडघे गेलेले, अक्कांची नजर गेलेली. एकीला जाता येत नाही आणि दुसरीला दिसत नाही, त्यामुळं गुरुवार दोघींनाही लागे.

पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका गुरुवारी पारगावच्या पुलावर मोटारीनं इतका निळा धूर सोडला, की मागून उसाचा ट्रॅक्टरवाला ओरडला, “मामा, गाडी पेटली का काय!”

घरी येताच आप्पांनी स्वतःच्याच मोटारीच्या बॉनेटवर ‘सिक’ लिहिलं.

“अवो, चालतीय की ती,” मावशी म्हणाल्या. “निघंना का धूर. चूल काय बिनधुराची असती व्हय?”

“चूल न्हावऱ्याला जात न्हाई.”

सलीम मिस्त्रीला बोलावलं. त्यानं अर्धं मिनिट इंजिन ऐकून निकाल दिला. “रिंगा गेल्या, बोअर गेला. इंजिन उतरवून खोलावं लागंल. द्या गॅरेजला.”

“देतो. पर दर टप्प्याला मी तपासणार. मी फिट म्हणल्याबिगर पुढचा नट लावायचा न्हाई.”

सलीमनं हात पुसले. “आप्पा, तुम्ही बघत बसणार आसाल तर मी हात लावत न्हाई. तुम्हीच खोला. मी बघत बसतो.”

हे तो वैतागून बोलला होता. आप्पांनी त्याचा प्रस्ताव करून टाकला. इंजिन स्वतः खोलावं की गॅरेजला द्यावं? रेल्वेत असा मोठा प्रश्न आला की ‘जॉइंट नोट’ करतात. सगळ्या खात्यांची माणसं जागेवर जमतात, बघतात आणि एकाच कागदावर सह्या करतात. त्यामुळं पुढं काही बिघडलं तर कुणा एकाला धरता येत नाही. आप्पांच्या अंगणात तशी बैठक बसली. यांत्रिक बाजूनं सलीम, प्रवाशांच्या बाजूनं मावशी आणि कसल्याच बाजूनं नाही असा मी. मला बॉनेटसुद्धा उघडता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांत जास्त वेळ बोललो.

नोटेचा मसुदा, दुरुस्त मसुदा आणि स्वच्छ प्रत यांत तीन गुरुवार गेले. शेवटी सह्यांची वेळ आली तेव्हा मावशींनी कागद सरकवून दिला.

“मी पॅशिंजर हाय. पॅशिंजर सही करत न्हाई, गाडीची वाट बघतं.”

त्यानंतर आप्पा दिवसातून चारदा बॉनेट उघडत, पाना हातात घेत, आत बघत आणि बॉनेट लावून घेत. एका संध्याकाळी मी विचारलं, “अडलंय कुठं?”

“सर, बत्तीस वर्षं मी दुसऱ्याचं काम तपासलं. फिटरला म्हणायचो, ह्ये काय केलंस, परत कर. सोता एक नट आवळला न्हाई. आता खोललं आन् बसवता आलं न्हाई तर?”

“तर ‘सिक’ लिहा.”

“गाडीवर लिव्हंन की. माझ्यावर कोण लिव्हणार?”

मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

सहाव्या गुरुवारी मी शिरूरच्या गाडीसाठी स्टँडवर उभा होतो, तर पिशवी घेऊन मावशी आल्या. एकट्या. एसटीच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, दांडी धरली आणि तिथंच राहिल्या. पुन्हा प्रयत्न केला. मागची माणसं थांबली, कंडक्टरनंही घंटी मारली नाही. मग त्या खाली उतरल्या, मला म्हणाल्या, “जाऊ द्या सर, गाडी खोळंबली सगळ्यांची,” आणि माघारी वळल्या. शिरूरची गाडी सोडून मी त्यांच्याबरोबर चालत आलो.

अंगणात आप्पा बॉनेटपाशीच होते. मावशींनी पिशवीतल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्यापुढं ठेवली. “अक्काची हाय. आता तुम्ही खावा.”

आप्पांनी भाकरीला हात लावला नाही. सलीमला निरोप गेला, ‘उतरवू.’

“कोण?” सलीमनं उलट विचारलं.

“मी.”

पुढचे दहा दिवस आमच्या गल्लीचा उरूस होता. लिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन वर काढलं, तेव्हा बायकांनी घरातून येऊन टाळ्या वाजवल्या. सलीम खुर्चीत पाय पसरून बसे. दुसऱ्या दिवशीच त्याच्या आवाजात साहेबाचं वजन आलं. “आप्पा, ह्ये काय केलं? परत करा.” आप्पा निमूट परत करत. घामानं भिजलेले, कोपरापर्यंत काळे झालेले आणि मी कधी पाहिले नव्हते इतके खूश.

निघणारे नट-बोल्ट ठेवायचे कुठं, यावर आप्पा तक्ता आखू लागले. मावशींनी खाट बाहेर ओढली, तिच्यावर जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडया घालाव्यात तशा नटांच्या ओळी लावल्या. “ही आदी निघाली, ही तिच्या मागनं. बसवताना उलट्या बाजूनं उचला.” सलीमनं उठून त्यांना नमस्कार केला. ब्लॉक लेथवर बोअर करायला शिरूरला न्यावा लागला. एसटीत तो पोत्यात गुंडाळून माझ्या पायाशी होता. कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर आप्पा म्हणाले, “पेशंट.”

अकराव्या दिवशी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. धूर नव्हता. आप्पांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खोट सापडली नाही म्हणून जरा बेचैन झाले आणि मग मडगार्डला टेकून खदखदून हसले.

त्या गुरुवारी त्यांनी मलाही न्हावऱ्याला नेलं. पारगावच्या पुलावर आप्पांनी वेग कमी केला. पूल संपल्यावर मावशी म्हणाल्या, “मागं बघा सर, काय दिसतंय का?” मागं फक्त रस्ता होता.

अक्का उंबऱ्यात चाचपडत उभ्या होत्या. मावशी त्यांचा हात धरून आत गेल्या. आप्पा मात्र घराला वळसा घालून कांद्याच्या चाळीच्या सावलीत एका दगडावर जाऊन बसले.

“आत नाही यायचं?” मी विचारलं.

“नको. मी आत गेलो की दोघी पदर सावरून बसत्यात, चा टाकत्यात. बोलणं थांबतं त्यांचं.”

“मग दर गुरुवारी तुम्ही...”

“हितंच.”

आत काहीतरी पडलं. अक्का काहीतरी म्हणाल्या आणि मावशी हसल्या. मोठ्यानं, अगदी पोरीसारख्या. पाच वर्षं आमची भिंत एक होती, पण हे हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी बोलणार तोच आप्पांनी अजून काळाच असलेला हात उचलून मला थांबवलं. हसणं पूर्ण संपेपर्यंत तो हात तसाच वर होता.

“घरी न्हाई आशी हसत,” ते म्हणाले. “तिच्या हसायच्या वयात माझी ड्यूटी रातची असायची.”

मग ते दगडावर थोडे सरकले.

“बसा, सर. अजून दोन तास हायेत.”