वळचा सांता वाहून गेला

"होरी ना? मना शिकवतंस? खारीच्या पान्यान जल्म गेला माजा!" भिवंडीजवळच्या वळ गावच्या केसरीनाथ भोईरांनी होडी जपून न्या म्हणणाऱ्या मुलाला, प्रितेशला, दमात घेतलं आणि सांताक्लॉजची पांढरी दाढी कानांना अडकवली.

ठिकाण थायलंडचा समुद्र, दिवस नाताळचा. गोदामांच्या धंद्यातून सवड काढून प्रितेशने अख्खं कुटुंब दोन दिवस यॉटवर आणलं होतं. सहा वर्षांच्या भाविकाने सकाळीच विचारलं होतं, "आजोबा, इथे सांता येणार कुठून?"

"समुद्रातून!" आजोबा बोलून गेले. झालं! आता यॉटच्या मागून रबरी होडी काढायची, मोठा वळसा घालून समोरून यायचं आणि पोत्यातल्या भेटी वाटायच्या.

वल्ही मारत केसरीनाथ बरेच लांब गेले आणि त्यांनी सहज खाली बघितलं. बघतच राहिले! पाणी होतं की नव्हतंच? तळाची वाळू दिसत होती, वाळूवर होडीची सावली, आणि सावलीतून निळे-पिवळे मासे असे चालले होते जणू आत्ताच शाळा सुटली! गावच्या खाडीत बुडवलेला हात त्यांना कधी कोपरापुढे दिसला नव्हता.

"आई गो!" ते पुटपुटले.

तेवढ्यात खालून कासव आलं. आंघोळीच्या टपाएवढं! वरातीतल्या नवरदेवासारखं, कसलीच घाई नसलेलं. होडीशेजारी डोकं वर काढून त्याने सांताकडे बघितलं. केसरीनाथांच्या अंगावर काटा आला. साक्षात देव भेटायला आला! त्यांनी दोन्ही हात जोडले.

हात जोडायचे तर वल्ही सोडावी लागतात. ती सुटली आणि गेली वाहून. मागोमाग होडीही प्रवाहाला लागली, ती थांबली थेट एका पांढऱ्याशुभ्र, तीन मजली यॉटपाशी.

"सांता!" वरून गोरी पोरं किंचाळली. शिडी खाली आली.

"नो सांता! भोईर! भिवंडी!"

"बिवंडी!" पोरांनी जयघोष केला आणि त्यांना वर ओढून घेतलं. पोतं पाच मिनिटांत रिकामं! बायकोसाठी, हौसाबाईंसाठी, घेतलेली नवी साडी एका गोऱ्या आजीने गळ्यात गुंडाळली, लाडवांचा डबा तर झाकणासकट गेला. एका चिमुरडीने गुडघ्याला मिठी मारली, तेव्हा केसरीनाथ विरघळले. भाविकाची बाहुली तेवढी त्यांनी कोटात लपवली.

कप्तानाने रेडिओवरून आसपासच्या बोटींना विचारलं, कुणाचा सांता हरवलाय का? उत्तराला हौसाबाईच आल्या.

"आवो! जित्ते हाव नं?"

"हाय गो! पानी कसा काचेसारका हाय! कासव बघला मी, देवासारका!"

"कासव र्‍हाऊ द्या! बीपीची गोली घेतलीव?"

"घेतली."

"आन पोट साफ झाला का? दोन दिस न्हाय झाला!"

रेडिओ सगळ्या बोटींवर ऐकू जातो, हे हौसाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. केसरीनाथांनी माईक हातात धरून पांढरी दाढी डोळ्यांपर्यंत ओढली. जरा खरखर झाली आणि कुठल्याशा तिसऱ्याच बोटीवरून स्वच्छ मराठीत आवाज आला,

"काका, सांगून टाका हो! आम्ही इकडे जेवायचे थांबलोय!"