दस्तगीरमामांची यादी

"उचगावच्या म्याडम आल्या बघा!"

मी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच दस्तगीरमामा अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ओरडतात. तेही माझ्याकडे बघून नाही, हातातल्या मोबाईलकडे बघून.

मामा कोल्हापूर-आजरा खासगी बसचे कंडक्टर. मी दीड वर्षापासून आजऱ्याच्या काजू कारखान्यात माल तपासायच्या कामाला, त्यामुळे रोजची गाठ. तीन वर्षांपूर्वी मालकानं ड्रायव्हरच्या मागं वायफायची पेटी बसवली. पहिल्या वेळी आपला नंबर टाकायचा, आलेला कोड द्यायचा. पुढच्या वेळेपासून बसमध्ये शिरलं की फोन आपणहून जोडला जातो आणि मामांच्या मोबाईलवरच्या यादीत उमटतो. यादीतली नावं मामांनी स्वतः घातलीत. 'मिरचीवाला', 'खिडकीच पायजे', 'घोरणारं गुरुजी'. बसमध्ये कोण काय बघतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. फोन जोडला गेला की मांडीवर थाप मारतात, "पेटी हाय, पर माणसासारखी वळखती!" आणि मगच तिकीट.

गुरुजींनी नवा फोन घेतला तेव्हा पंचाईत झाली. पेटीनं पुन्हा नंबर मागितला. मामा पेटीसमोर जाऊन उभे राहिले. "अगं, मोबाईल बदलला म्हणून मानूस बदलतंय व्हय? धा वर्सं ह्येच शीटवर घोरतंय की हे!"

"मामा, मी टाकतो की नंबर," गुरुजी म्हणाले.

"गप बसा गुरुजी. रोजच्या माणसानं का म्हणून नाव सांगायचं?"

सहा महिने न आलेला फोन पेटी विसरते. विसरण्याआधी मामांना विचारते, काढू की मुदत वाढवू? एकदा माझ्या शेजारी उभं राहून ते पटापट 'काढा' दाबत होते. एका नावापाशी बोट थांबलं आणि त्यांनी 'वाढवा' दाबलं. नाव होतं 'अण्णा'.

"हे कोण, मामा?"

"ड्रायव्हर." एवढंच बोलून ते पुढं गेले. थोड्या वेळानं परत आले आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या सीटवर बसले. चालत्या गाडीत मामांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

अण्णा आणि मामा अकरा वर्षं एका गाडीवर होते. एका डब्यात जेवायचे. मग अण्णांना समोरचं अंधूक दिसायला लागलं. उत्तूरजवळ रस्त्याच्या कडेनं चाललेली एक बाई मामा ओरडले म्हणून वाचली. अण्णा म्हणे, मला दिसत होती ती. डॉक्टरकडं चला म्हणून मामांनी हातापाया पडून सांगितलं. अण्णा ऐकेनात. शेवटी मामांनी मालकाच्या कानावर घातलं आणि अण्णांची नोकरी गेली.

"'दस्त्या, माझं हात तोडलंस,' म्हनला. दोन वर्सं झाली. घरला गेलतो, तर आत असून न्हाय म्हनून सांगितलं." मामा माझ्याकडं वळले. "बरोबर केलं का न्हाय, म्याडम?"

"बरोबरच केलंत."

"व्हय. पर बरोबर केल्यावरबी मानूस जातंय की."

गेल्या महिन्यात कागलला बरीच माणसं चढली. मामा मोबाईल बघून एकेकाचं नाव पुकारत होते. मध्येच एकदम गप्प झाले. मी वाकून पाहिलं. यादीत 'अण्णा' उमटलं होतं.

माझ्या मागच्या, शेवटच्या सीटवर काळा चष्मा लावलेला, मास्क बांधलेला, टोपी कानापर्यंत ओढलेला एक थोराड माणूस खिडकीकडं तोंड करून बसला होता. मामा सगळ्यांची तिकिटं काढत, नेहमीपेक्षा सावकाश, त्याच्यापाशी पोचले.

"पावणं, कुटं?"

"आजरा." आवाज मुद्दाम घोगरा केलेला.

मामांनी तिकीट दिलं. "म्होरं येऊन बसा. मागं गचकं लई बसत्यात."

माणूस हलला नाही. मग मामाच त्याच्या शेजारी बसले. निपाणी गेली तरी दोघं नाकासमोर बघत होते. उत्तूर जवळ आलं तसा अण्णांनी चष्मा काढला.

"ती बाई," ते म्हणाले, "मला दिसली न्हवती, दस्त्या."

मामांनी मान वळवून त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"आपरेशन केलं. दोन्ही डोळ्यांचं."

"दिसतंय?"

"तो बोर्ड वाचू?"

"वाच."

अण्णांनी खताच्या दुकानाचा बोर्ड वाचला. वरचं नाव, मग खालची बारीक अक्षरं. मामांनी मान हलवली आणि पुढचा दाखवला. दवाखाना, पतसंस्था, फरशीचं दुकान. गाव संपल्यावर मैलाचे दगड. उत्तूरला चढलेली माणसं तिकिटासाठी मागं वळून बघायची आणि पुन्हा सरळ बसायची.