मादागास्करच्या माशांना शेजारी हवेत

लालबागच्या गुणाजी चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या ‘ग्रँड एम्परर’ टॉवरच्या लॉबीत मादागास्करचे सिक्लिड मासे लाजत होते, आणि ही बाब अत्यंत गंभीर होती. बिल्डरने जाताना सोसायटीला दोन गोष्टी भेट दिल्या होत्या : छताची गळती आणि भिंतीएवढी काचेची टाकी. गळतीची सवय झाली. पण टाकीतले ते काळेभोर, अंगभर पांढरे ठिपके असलेले मासे माणूस दिसला रे दिसला की लाकडाच्या ओंडक्यामागे दडी मारत. पाहुणे काचेला नाक लावून विचारत, “छान आहे हो, पण मासे कुठायत?”

हा प्रश्न सेक्रेटरी दौलत परब यांना भलताच झोंबायचा. दौलतराव मूळचे चाळीतले. टॉवर झाल्यावर विकतचे फ्लॅट घेतलेल्यांनी त्यांना सेक्रेटरी केलं, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. दौलतरावांना मात्र वाटलं, आपलं सोनं झालं. तेव्हापासून ते घरातही “नोंद घेण्यात येईल” असं बोलू लागले. बायको शेवंती म्हणायची, “नोंद रवांदे, आधी नारळ फोडा.”

शेवंतीचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. एकुलती एक आकांक्षा नुकतीच लग्न होऊन कॉटन ग्रीनला सासरी गेली होती. तिथं दीर, जावा, पोरं, सगळे एका खोलीत. आणि इथं, याच टॉवरच्या सातव्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. पोर आणि जावई तिथं आले तर शेवंतीला स्वर्ग दोन बोटं उरला असता.

“मालकाशी बोललात का?”

“मालक तयार आहे. कमिटीची परवानगी लागते. कमिटी म्हणजे कोण? मीच ना! आधी माशांचं मार्गी लागू दे.”

माशांसाठी परळच्या अ‍ॅक्वेरियमवाल्या राकेशला बोलावलं. त्याने टाकीकडे बघून मान हलवली. “काका, टाकीत दुसरं कुणीच नाही म्हणून घाबरतात. सोबत थोडे चपळ, मध्यम साइझचे मासे सोडा. ते बिनधास्त फिरताना दिसले की हे पण बाहेर येतील. एवढे बारीक नको की हे गिळतील, एवढे दादा नको की ह्यांना बदडतील. बस्स.”

आता शहाण्या माणसाने मासे आणले असते आणि विषय मिटला असता. पण सोसायटीत ‘बस्स’वर काही मिटत असेल तर सोसायटी काढायची कशाला? लगेच ‘सुसंगत सहनिवासी मत्स्य निवड उपसमिती’ नेमली गेली. अध्यक्षपदी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या किर्ती मॅडम. नियमावली दौलतरावांनी स्वतः रात्र जागून लिहिली आणि सभेत वाचली. वाचण्याची वेळ त्यांनी बरोब्बर साधली, म्हणजे बटाटेवड्यांचं पातेलं लिफ्टमधून उतरताना. वास आला की हात वर, ही गुणाजी चाळीची एकच परंपरा टॉवरवाल्यांनी मनापासून स्वीकारली होती. ठराव एकमताने मंजूर झाला. काय मंजूर झालं हे कुणीही विचारलं नाही, चटणी कुठाय हे सगळ्यांनी विचारलं.

मुलाखती लॉबीतच झाल्या. राकेश एकेक पिशवी वर धरायचा.

“हे रेनबो. मादागास्करचेच. ह्यांच्या गाववाले समजा.”

“गाववाले एकत्र आले की मंडळ काढतात,” किर्ती मॅडम म्हणाल्या. “नामंजूर.”

“हा कॅटफिश. एकदम गरीब. दिवसा झोपतो, रात्री फिरतो.”

“रात्री कुठे जातो?”

“टाकीतच, मॅडम. जाणार कुठे?”

“तरी पण. नामंजूर.”

जोडी दाखवली, तर पिल्लं होतील म्हणून नामंजूर. सुटा दाखवला, तर एकटा का, आधीची जागा का सोडली, म्हणून नामंजूर. शेवटी कुणीतरी विचारलं, “हे सगळे खातात काय हो?” राकेश म्हणाला, “किडे, झिंगे. तुमचे आतले पण तेच खातात.”

लॉबीतले सगळे काचेकडे वळले. म्हणजे आतलेही मांसाहारी! दौलतरावांनी नियमावली उघडली. आतले मासे गटाने राहत होते, अंडी घातली की आपसात मारामाऱ्या करत होते आणि परदेशातून आलेले होते. एकही नियम त्यांनी मोडायचा ठेवला नव्हता. त्यांनाही टाकी सोडायला लावली. राकेश जाळी घेऊन आला तेव्हा एवढंच म्हणाला, “ह्यांच्या गावच्या नद्या पण गाळाने भरत चालल्यात. ठीक आहे, ठेवतो दुकानात.”

आणि काय सांगू, टाकी अशी झकास दिसायला लागली! नितळ पाणी, निळा दिवा, घाण नाही, भांडण नाही. तक्रारी बंद. किर्ती मॅडम भारावून म्हणाल्या, “परब, तुमचे नियम सोन्यासारखे आहेत. हेच भाडेकरूंना लावू या.” वडे आले. पहिला वर गेलेला हात दौलतरावांचा होता. सोन्यासारखे म्हटलं की माणूस विरघळतोच.

पुढच्याच रविवारी आकांक्षा आणि जावई प्रितम मुलाखतीला बसले. शेवंतीने सकाळीच सातव्या मजल्यावर जाऊन खिडक्या पुसून ठेवल्या होत्या.

“कामाची वेळ काय?” मॅडमनी गोड आवाजात विचारलं.

“पहाटे भाऊच्या धक्क्यावर,” प्रितम म्हणाला. “पिढीजात धंदा आहे मासळीचा. लिलावाला अंधारातच पोचावं लागतं.”

“म्हणजे रात्री फिरता. घरी मासळी खाता. शिवाय जोडी.” मॅडमनी दौलतरावांकडे पाहिलं. “काय करायचं, परब?”

दौलतरावांनी नियमावलीचं पान उलटलं. हो म्हणावं असं मनापासून वाटत होतं. पण समोर सगळी कमिटी बसली होती आणि कमिटीसमोर ते नेहमी एकच वाक्य बोलत आले होते.

“नियम सर्वांना समान,” ते म्हणाले.

“बाबा, मी आकांक्षा आहे,” पोर म्हणाली.

“नोंद घेण्यात येईल.”

पोर आणि जावई बदलापूरला राहायला गेले. शेवंतीने त्या दिवशी सुके बोंबील भाजले, दार सताड उघडं ठेवून. “तुमची मुलाखत कधी?” एवढंच तिने नवऱ्याला विचारलं. दौलतरावांनी गपचूप उठून दार लोटलं.

तुम्ही म्हणाल, काय एकेक माणसं असतात! म्हणा, खुशाल म्हणा. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही हात कशासाठी वर केला होता, तेवढं जरा आठवून बघा. नाही आठवत? वडा गरम होता, ते मात्र आठवत असेल.