साहेबांच्या बाजूचं दार

कोणताही द्रव पदार्थ जगातून नाहीसा होत नाही. तो फक्त एकाच्या अखत्यारीतून दुसऱ्याच्या अखत्यारीत जातो. आमच्या कार्यालयाच्या गाडीतलं इंजिन गार ठेवणारं कूलंट (टिपणीत 'शीतक द्रव') रोज कमी होऊ लागलं, तेव्हा ते नेमकं कोणाच्या अखत्यारीत जातं हे शोधायला चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष स्वतः साहेब. सदस्य लेखापाल आणि भांडारपाल. सचिव मी. आमच्यापैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नाही.

आमचे साहेब साधे. ते मागे बसत नाहीत, चालकाशेजारी पुढे बसतात. म्हणून त्या बाजूचं दार हे साहेबांचं दार. त्याला चालकाशिवाय कुणी हात लावू नये असा आदेश कधी निघाला नाही, त्यामुळे तो मोडण्याची हिंमतही कधी कुणाला झाली नाही. साहेबांना गार वारा सोसत नाही, म्हणून गाडीतला हीटर कायम चालू. (हीटरची जाळी डॅशबोर्डच्या मागे, बरोबर साहेबांच्या पायांच्या वर असते आणि तिच्यातूनही हेच कूलंट फिरतं. ही माहिती केवळ जिज्ञासूंसाठी. समितीत जिज्ञासू कुणी नव्हतं.)

हीटर लागला की गाडीत गोडसर वास दरवळे आणि काच आतून चिकट धुक्याने भरून जाई. हा वास म्हणजे साहेबांचं नवं अत्तर, असं भांडारपालांनी सर्वप्रथम जाहीर केलं आणि दुकानाचा पत्ता विचारला. साहेब नुसते हसले. ते अत्तर लावत नाहीत, पण आलेली तारीफ कोण परत करतो?

मग साहेबांच्या पायाखालची चटई ओली राहू लागली आणि त्यांचे पांढरे मोजे हिरवट दिसू लागले. आमचं कूलंटही हिरवंच. साहेबांनी मनाशी ठरवलं की आपल्या पायांना घाम येतो, आणि टेबलाच्या खणात पावडरचा डबा आणून ठेवला. आम्हीही तेच ठरवलं. साहेबांच्या पायांना घाम येतो हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला ते माहीत नाही असं दाखवणं हा प्रत्येकाच्या सेवेचा भाग होता. लेखापालांनी तर साहेबांना एकटं वाटू नये म्हणून स्वतः हिरवट मोजे घालायला सुरुवात केली. पाठोपाठ निम्मं कार्यालय हिरवट झालं. उरलेल्या निम्म्यांच्या बढत्या अजून विचाराधीन आहेत.

चालक निवृत्तीला आलेला. घरी बायकोने अंथरूण धरलेलं, आणि तिच्या औषधपाण्याची सारी भिस्त येणाऱ्या पेन्शनवर. तो रोज सकाळी कार्यालयामागे साहेबांची चटई पिळायचा आणि मग कूलंटच्या टाकीत तांब्याभर पाणी ओतायचा. दोन्ही कामं तो न बोलता करी. बोलण्यासाठी कार्यालयात त्याच्याहून वरची बरीच माणसं होती.

समितीने पाहणी केली. गरम इंजिनाजवळ जाणं सदस्यांच्या जिवाला धोक्याचं, म्हणून ती रीतसर इंजिन थंड झाल्यावर करण्यात आली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, ते कोरडं निघालं. मेकॅनिक आला. त्याने रेडिएटर पाहिला, पाइप दाबून पाहिले, पंप पाहिला. "आता आतून बघतो," म्हणत त्याने साहेबांच्या दाराकडे हात नेला, तेव्हा समिती दोन पावलं मागे सरली. शिपाई धावत मध्ये पडला.

"तिकडे नाही हो. ती साहेबांची बाजू आहे."

मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण बदललं आणि गेला. शहाणा माणूस होता, पुन्हा आला नाही.

शेवटी चालकाची साक्ष झाली. साहेबांनी अगदी मायेने विचारलं, "काय हो, गाडीत आत कुठे ओल दिसते का?"

चालकाची नजर साहेबांच्या बुटांवर गेली. आमचीही गेली. लेखापालांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चारचौघांत साहेबांचे पाय उघडे पाडायचे, तेही अख्खी नोकरी त्यांना दार उघडून देण्यात घालवल्यावर, हे त्या बिचाऱ्याच्याने होणारं नव्हतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आत सगळं कोरडं खडखडीत आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पुढचा निष्कर्ष आपोआप निघाला. बाहेर गळती नाही. आत ओल नाही, हे खुद्द चालकाचंच म्हणणं. तरी द्रव जातो, म्हणजे कुणीतरी नेतो. टाकीचं झाकण उघडणारा माणूस एकच. चालकाला बडतर्फ करण्यात आलं आणि नियमाप्रमाणे पेन्शनही गेली. ठराव एकमताने झाला. साहेबांनी तेवढ्यात फक्त एकदा शिंकून घेतलं.

किल्ली द्यायला तो माझ्याकडे आला. किल्ली त्याने टेबलावर ठेवली.

"तुम्हाला तर माहीत होतं ना, भाऊ? तुमच्या खिडकीखालीच पिळायचो चटई."

चटई हा विषय समितीच्या कार्यकक्षेत येत नाही, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. गेटबाहेर पडण्याआधी सवयीने गाडीपाशी जाऊन त्याने साहेबांचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

आता नवा चालक आला आहे. कूलंट कमी होतंच आहे, त्यामुळे त्याच्यावर बारीक नजर आहे. सकाळी तोही कार्यालयामागे काहीतरी पिळत असतो.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ओल कुठून येते हे चालकाची साक्ष व्हायच्या कितीतरी आधी कळलं असेल. तरीही आपण शांतपणे पुढे वाचत राहिलात, अधूनमधून गालातल्या गालात हसलात आणि चालकाचं काय होणार याची उत्सुकतेने वाट पाहिलीत. असा संयम आजकाल दुर्मीळ आहे. लेखापाल बढतीवर गेल्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. आपली मुलाखत वरील मजकुरातच पार पडली असून आपली निवड झाली आहे. सोमवारी रुजू व्हावं. मोजे कोणत्या रंगाचे घालायचे, हे आपल्याला सांगायला नको.