अण्णांची हरकत

आमच्या वाशी गावाच्या चौकातून बसस्टँडला जायला सरळ रस्ता आहे. रमतगमत गेलं तरी पाच मिनिटं लागतात. रंगनाथअण्णांना वीस लागतात. मेडिकलपाशी आल्यावर ते छत्री उघडतात, ऊन असो नसो. खताच्या दुकानासमोर गटार ओलांडून पलीकडं जातात. पतसंस्थेच्या दारापुढून जाताना छत्री डावीकडं कलती करतात आणि शाळेच्या कोपऱ्यावर तर चक्क पाठमोरे होऊन उलटे चालतात. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण अण्णांच्या खिशात एक नकाशा असतो. गावातला प्रत्येक कॅमेरा त्यात लाल टिंबानं दाखवलाय आणि प्रत्येक टिंबापुढं पेन्सिलीनं एक तिरका पट्टा रंगवलाय. खाली सुबक अक्षरात लिहिलंय, ‘नजरेची हद्द’.

चौतीस वर्षं अण्णा भूमापन खात्यात होते. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून दिल्या, भावाभावांच्या भांडणात उभं राहून खुणेचे दगड रोवले. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचा चेहरा मोजायला घेतला.

“चेहरा म्हंजे जमीनच हाय,” ते मला सांगायचे. “सातबारा माझ्या नावाचा. त्यात पाय ठिवायचा आसंल तर आधी नोटीस पायजे. हद्द कायम करा, मग बोला.”

“अण्णा, आधार कार्डावर तुमचा फोटो आहेच की.”

“ते भूसंपादन. जबरीनं घेतलं. आन् कसं घेतलंय बघ.” त्यांनी कार्ड काढून दाखवलं. काळा डाग, त्याला एका बाजूनं कान. “ह्याच्यावरनं मला कोण वळखनार?”

माझा चौकात फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी टाकलेला. अण्णांचं घर चार दारं सोडून. अर्ध्या तालुक्याची लग्नं, बारशी, सत्कार आम्ही बापलेकांनी टिपले, पण अण्णा आम्हाला कधी सापडले नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावला की ते खांबाच्या मागं गेलेले असायचे. त्यांच्या पोरीच्या, सुजाताच्या लग्नात त्यांना टिपायचंच, असा मी पण केला होता. अल्बम झाल्यावर बघतो तर कन्यादानाच्या फोटोत नुसते दोन हात. बाकीचा बाप चौकटीच्या बाहेर.

हे सगळं जन्मभर हद्दी मोजल्यानं लागलेलं खूळ, असं मी धरून चाललो होतो. एकदा काकूंनी खरं सांगितलं. काकू म्हणजे कमलकाकू, अण्णांची बायको. तेव्हा त्या चांगल्या होत्या.

“ह्यांच्या थोरल्या भावाचा फोटू काढला व्हता तुळजापूरला, जत्रंत,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिसात तापानं गेला. सासूबाईंनी फोटू चुलीत घातला आन् ह्यांना जवळ घिऊन सांगितलं, तू कुनाला तोंड दिऊ नको. तवा ह्ये सात वर्साचे. आता ते डेटा का काय म्हन्त्यात, पर मुळात ते आसं हाय.”

म्हणजे भीती जुनीच होती, तिला शब्द तेवढे नवे मिळाले होते. त्यांच्या बैठकीत लग्नाचा एक फोटो टांगलेला असे, माझ्या वडिलांनी काढलेला. काकू सरळ समोर बघताहेत, कपाळावर मुंडावळ्या, हनुवटी घट्ट. शेजारी कोट घातलेला नवरदेव. ऐन वेळी त्यानं मान फिरवली, त्यामुळं कॉलरच्या वर चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं धुकं. लहानपणी मी त्या घरी गेलो की त्या फोटोकडं पाठ करून बसत असे.

अण्णांचं खरं रणांगण म्हणजे ‘आपली वाशी, आपलं मत’ हा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथं ते सरकारी टिपणीच्या भाषेत लिहीत. चौकात कॅमेरे लावले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी लिहिलं, ‘सदर कॅमेऱ्यात साठणारे माझे रूप किती दिवस, कोणाच्या ताब्यात व कोणत्या कपाटात राहणार, याचा खुलासा व्हावा.’ अंगणवाडीच्या बायकांची हजेरी मोबाईलवर चेहरा दाखवून घ्यायला लागले, तर अण्णांनी त्यावर अकरा मुद्दे लिहिले. निवडणुकीत एका मयत पुढाऱ्याचा व्हिडिओ फिरला. माणूस जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि तो पडद्यावर हसून, हात जोडून मत मागत होता. ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. अण्णांनी एकच ओळ लिहिली, ‘मयताची संमती कोणत्या कार्यालयातून घेतली?’

त्यांना सगळ्यात जास्त छळायचा तो सचिन, मोबाईल शॉपीवाला. मनानं वाईट नव्हता, पण समोरच्याची टोपी उडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. एकदा तो अण्णांच्या घरी टीव्हीचा बॉक्स दुरुस्त करायला गेला आणि येताना भिंतीवरच्या त्या लग्नाच्या फोटोचा फोटो काढून घेऊन आला. एआयला दिला आणि सांगितलं, धुक्याच्या जागी चेहरा भरून दे.

ग्रुपवर फोटो आला. खाली मजकूर, ‘अण्णा, तुमचा चेहरा सापडला. ओळख पटवून घेऊन जावे.’

मी धंद्यानं फोटोवाला. हजारो चेहरे धुतले, कापले, चिकटवले. तरी तो फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. काकू तशाच होत्या, त्याच मुंडावळ्या, तीच हनुवटी. शेजारी एक देखणा तरुण उभा होता. सरळ नाक, बारीक मिशी, ओठांवर हसू. डोळे असे की मोबाईल कसाही धरला तरी आपल्याकडंच बघतात. तो अण्णांसारखा नव्हता. तो कुणासारखाच नव्हता. आणि तरी त्या कोटात तो असा बसला होता, जणू इतकी वर्षं त्या धुक्यामागं तोच उभा होता.

ग्रुपला खेळणं मिळालं. त्याच चेहऱ्याचे अण्णा घोड्यावर, अण्णा ट्रॅक्टरवर, अण्णा विमानात. रोज सकाळी एक शुभ सकाळ. अण्णांनी आधी लेखी हरकत नोंदवली, मग ‘माझ्या हद्दीत परक्याचा शिरकाव झाला आहे’ असं लिहून ग्रुप सोडला आणि पोलीस ठाण्यात सचिनविरुद्ध अर्ज दिला.

एका दुपारी ते माझ्याकडं बसले होते. तेरखेड्याचा एक गिऱ्हाईक फोटो न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, “तुमच्या गावातले ते रंगनाथअण्णा लई भारी हायत. रोज बघतो मोबाईलवर.”

“हे काय, इथंच बसलेत,” मी म्हणालो.

त्यानं अण्णांकडं नीट निरखून बघितलं. मग माझ्याकडं बघून हसला. “ह्ये न्हायत वो. अण्णा मला म्हाईत हायत की.”

तो गेल्यावर अण्णा उठले आणि गिऱ्हाईकांनी भांग पाडायला ठेवलेल्या आरशासमोर बराच वेळ उभे राहिले.

याच सुमाराला काकूंचं बिघडत चाललं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडलं. मग शेजारणींची नावं गेली. मग एक दिवस सकाळी अण्णा चहा घेऊन गेले, तर काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाल्या, “बसा सायेब. मोजनीला आलाव का? मालक घरात न्हायत. येतीलच आता.”

अण्णांना वाटलं, थट्टा करतेय. पण त्या दिवसापासून ते घरात साहेबच झाले. काकू सुजाताला फोनवर ओळखायच्या, मला कधी कधी ओळखायच्या, अण्णांना मात्र नाही. परका पुरुष घरात वावरतोय म्हणून त्या आतून कडी लावून बसायच्या. त्यांच्या हातचं खायच्या नाहीत. “मालक आल्याबगर म्या जेवत न्हाय,” म्हणायच्या. बघता बघता हाडं दिसायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, जुने फोटो दाखवत जा. ओळखीचे चेहरे दिसले की कधी कधी लागतो धागा.

दुसऱ्या दिवशी अण्णा सगळे अल्बम पोत्यात घालून माझ्या दुकानात आले. काउंटरवर एकेक फोटो मांडला. सुजाताचं बारसं, वास्तुशांत, निवृत्तीचा सत्कार, पोरीचं लग्न. कुठं कोपर, कुठं पाठ, कुठं फेट्याचं टोक. सत्काराच्या फोटोत तर हारासकट खुर्ची रिकामी.

“तू बघ रं नीट,” ते म्हणाले. “तुझी नजर त्यातली हाय. ह्यात कुठंतरी म्या आसंन.”

मी भिंग घेऊन बसलो. मला माहीत होतं काही सापडणार नाही, पण त्यांच्यासमोर तसं म्हणवेना. निगेटिव्हचे डबे काढले. वडिलांनी नेकीनं तारखा घालून ठेवलेल्या पट्ट्या उजेडाला धरल्या. एकूण एक फोटोत तो माणूस निसटला होता.

शेवटी अण्णांनी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली. “तुझा कॅमेरा घिऊन घरी चल,” म्हणाले. “काढ माझा.”

पन्नास वर्षांत न मिळालेला फोटो मी त्या दिवशी काढला. खिडकीजवळ खुर्ची टाकली. अण्णा इतके ताठ बसले होते की गळ्याची शीर उडताना दिसत होती. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा मिटले. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “अण्णा, काकूंकडं बघा.” तेव्हा डोळे उघडे राहिले.

फोटो मोठा करून आणला आणि काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग अण्णांकडं बघून समजुतीनं म्हणाल्या, “सायेब, तुमचाच हाय की ह्यो. चांगला आलाय.” आणि परत देऊन टाकला.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पलंगाच्या काठावर ठेवला होता, पडदा उजळला. ग्रुपवर कुणीतरी सचिननं चेहरा भरलेला तो लग्नाचा फोटो पुन्हा टाकला होता. मी झाकायच्या आत काकूंनी मोबाईल उचलला.

त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी पदर पुढं ओढला. “ह्ये काय आमचे मालक,” त्या हळूच म्हणाल्या. “किती दिस झालं दिसलं न्हायत. वाळलेत जरा.” आणि पडद्यावरच्या त्या गालावरून बोट फिरवायला लागल्या. फोटो सरकून जायचा, त्या मोबाईल पुन्हा माझ्याकडं द्यायच्या, “आना की ह्यांना परत,” म्हणायच्या. तो जगात कधीच नसलेला माणूस त्यांच्याकडं बघून हसत होता, आणि त्यांच्याबरोबर संसार केलेला माणूस दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

निघताना तो फोटो मी अण्णांच्या मोबाईलवर टाकून दिला. तिसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले. “त्या फोटूची मोठी कॉपी काढ. फ्रेम कर. काच नको, तिला हात लावता आला पायजे.”

“अण्णा, पण तो तुम्ही नाही.”

“म्या न्हाय, ते मला म्हाईत हाय,” ते शांतपणे म्हणाले. “पर तो सांगतो तवा ती जेवती.”

आता फ्रेम काकूंच्या पलंगासमोर आहे. अण्णा ताट घेऊन जातात आणि दारात उभे राहून सांगतात, “मालकांचा निरोप हाय, जेवून घ्या म्हनलेत.” काकू फोटोकडं बघतात, लाजतात आणि घास उचलतात. गोळ्याही तशाच, आंघोळही तशीच. त्या घरात फोटोतल्या माणसाचा शब्द चालतो आणि अण्णा त्याचे निरोपे आहेत. मी त्या खोलीत गेलो की आजही त्याच्या नजरेला नजर देत नाही.

पोलीस ठाण्यातला अर्ज अण्णांनी मागं घेतला. ग्रुपवर परत आले आणि लिहिलं, ‘सदर चेहऱ्याबाबत माझी कोणतीही हरकत नाही. कळावे.’ लोकांनी अंगठे दाखवले, म्हातारा हरला म्हणून कुणी हसण्याची चित्रं टाकली. सचिनला मी सगळं सांगितलं होतं. तो पार ओशाळला, अण्णांच्या घरी जाऊन पाया पडला आणि ग्रुपवर दम दिला, की यापुढं अण्णांचं चित्र कुणी टाकलं तर माझ्याशी गाठ आहे. अण्णांनी त्याला एवढंच विचारलं, “मशिनीला एक इचार. त्येचा आवाज कसा आसंल? ती फोनवर बोलायचं म्हनती.”

परवा संध्याकाळी मी काकूंना केळी द्यायला गेलो होतो. त्या जेवून खुशीत बसल्या होत्या. अण्णा ताट उचलत होते.

“सायेब,” काकू म्हणाल्या, “रोज आमच्यासाठी खपता तुमी. तुमच्या घरी कोन हाय का न्हाय?”

“हाय की,” अण्णा म्हणाले. “मंडळी हाय.”

“मग जावा बगू घरी. दिवस कलला. वाट बगत आसंल ती.”

“व्हय,” अण्णा म्हणाले, “बगत आसंल.”

त्यांनी ताट मोरीत ठेवलं, हात पुसले, चप्पल घातली आणि माझ्याबरोबर बाहेर पडले. काकूंनी आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही माझ्या दुकानापर्यंत आलो. अण्णा पायरीवर बसले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

“रोज लावून देती मला,” म्हणाले. “धा मिनिटं बसतो हितं, मग मालकांचा निरोप हाय म्हनून कडी वाजवतो. लगीच परत गेलो तर तिला वाटंल, सायबाला घरी कुनी न्हाय.”